अँटेनाचा कोपरा

९ जानेवारी

प्रिय ठिणगी,

तुझं पार्सल मिळालं. फोन करायचा सोडून पत्र का लिहिते आहे, असं म्हणशील. अगं, घरात फोन वाजला की आई असतील तिथून उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहतात. तुझ्या दादाला तर स्पीकर लावल्याशिवाय बोलताच येत नाही. सासूबाईंच्या तोंडावर त्यांच्या विसरण्याची चर्चा मला नाही जमत. त्यापेक्षा हे बरं. पार्सलांची ये-जा चाललीच आहे, त्यात माझा एक कागद.

तर आई घरापासून लांब गेल्या की बेल वाजवणारा तुझा तो हिरवा तुकडा चालतो! दादाने बेलची डबी ओट्यावरच्या फळीवर बसवली, तुकडा स्वतःच्या खिशात घातला आणि जिना उतरून निघाला. मी डबीकडे टक लावून उभी. तो फाटकाच्या पुढे गेला असेल नसेल, डबीने अशी काही बोंब ठोकली की मी हातातलं पातेलं सोडलं. दादा धावत वर आला आणि लहान मुलासारखा, "वाजली ना? वाजली ना?" करत बसला. मागच्या महिन्यात आई न सांगता कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या, तेव्हापासून तो हसलाच नव्हता.

पण एक घोळ आहे. आई तो तुकडा खिशात राहूच देत नाहीत. "हे कुणाचं? माझं नाही हे," म्हणतात आणि काढून ठेवतात. काल त्यांनी तो माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पॅंटच्या खिशात घातला. मी पॅंटची उंची कमी करून, घडी घालून दिली. ते गृहस्थ रस्ता ओलांडेपर्यंत इकडे बेल सुरू. मी शिलाई मशीन सोडून अनवाणी धावले, तर आई खिडकीत बसून माझ्याकडे बघतायत, हिला काय झालं म्हणून.

मग माझ्या डोक्यात आलं. जन्मभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम केलेलं माणूस ते. तिथे खूण नसलेली चादर कुणी हातात घेत नसे. आणि स्वतःच्या वस्तूंवर त्या गोल काढून मध्ये टिंब देतात, ते तुला मी काय सांगायचं, तुझ्या शाळेच्या डब्यावरही होतं. आता माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत, पण ती खूण दिसली की वस्तू त्यांची. तर इंजिनीअर बाई, पुढच्या तुकड्यावर तो गोल आणि टिंब घालता येईल का? पेनाने काढून पाहिलं, पुसलं जातं.

तुझी,
वहिनी


२४ जानेवारी

प्रिय वहिनी,

गिऱ्हाइकाची पॅंट वाचून मी ऑफिसात एकटीच खिदळले. आमच्या वजनकाट्यांच्या कंपनीत हसायचे प्रसंग तसे कमी.

पहिला तुकडा म्हणजे नुसती जोडाजोड होती, वायरी आणि चिकटपट्टी. या वेळी आईसाठी खास बोर्ड काढला आहे, शिवून घेतल्यासारखा, तिच्या स्वेटरच्या खिशाच्या मापाचा. मधोमध एक नखाएवढी चिप आहे. विचार करणं आणि रेडिओवरून बोलणं, दोन्ही तीच करते. तिच्याभोवती मोहरीएवढे भाग मी चिमट्याने एकेक बसवलेत, जेवणाच्या सुट्टीत, भिंगाखाली. श्वास जरा जोरात सोडला की एखादा उडून जातो आणि मग मी ओणवी होऊन फरशी चाचपत बसते. पाठीमागे बटणासारखा सेल. काम एकच: दर थोड्या वेळाने तुमच्या डबीला "मी इथे आहे" म्हणायचं. डबीला ते ऐकू आलं नाही की ती ओरडणार.

आणि खूण! ती बघ कशी दिसतेय. एका कोपऱ्यात तांब्याची नागमोडी रेघ दिसेल, ती अँटेना. तिच्या आसपास काही ठेवायचं नसतं, म्हणून बोर्डावर तेवढाच कोपरा रिकामा होता. बाकी ठिकाणी मुंगीला जागा नाही. तर तिथे आईचा गोल आणि टिंब तांब्यात काढून घेतलं आणि वर सोनेरी मुलामा. आता पुसून दाखव म्हणावं! बोर्ड आखायच्या प्रोग्रामने तिथे लाल खूण करून कुरकुर केली, पण तो कशालाही कुरकुरतो. एवढ्याशा गोलाने काय होणार आहे? माझ्या टेबलावर बोर्ड आणि डबी मजेत गप्पा मारतायत.

वहिनी, मी या महिन्यात येणार होते. नवा काटा बाजारात आणायचाय, साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. सगळं तुझ्या एकटीवर टाकून मी इथे बसले आहे, हे मला कळतं गं. जेवताना कळतं, आंघोळ करताना कळतं. म्हणून तर हा बोर्ड. निदान एवढं तरी माझ्या हातून.

तुझी,
ठिणगी


१५ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

खूण लागू पडली! आईंनी बोर्ड हातात घेतला, उजेडाला धरला, गोलावरून अंगठा फिरवला आणि सरळ खिशात टाकला. आता दिवसभर तो अंगठा खिशात. रात्री स्वेटर काढून ठेवला तरी खिसा चाचपून बघतात. तुझ्या दादाला तर भरून आलं, उगाच चष्मा पुसत बसला.

बेल कधी कधी उगाच वाजते, पण ते काही नाही. परवा एका बाईंच्या ब्लाउजची बाही टाचण्या लावून बेतत होते, तेवढ्यात वाजली. मी धावले. आई आपल्या खुर्चीत. परत आले तर बाई हात वर करून तशाच उभ्या, हलल्या तर टाचणी टोचेल म्हणून. म्हणाल्या, "तुमच्याकडे कपडे शिवायला धाडस लागतं." चालायचंच.

तुझ्या नव्या काट्याचं काम नीट कर. इकडची काळजी नको.

तुझी,
वहिनी


२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं, अंगठ्याचं तेवढं. आमच्या साहेबांनीसुद्धा मान डोलावली.

बेल अधूनमधून वाजते म्हणजे जागी आहे, चांगलंच आहे! थोडी जास्त सावध असलेली बरी. एप्रिलमध्ये नक्की येते. या वेळी नक्की. आईला सांग. सांगून ती विसरेल, पण सांग.

घाईत,
ठिणगी


६ मार्च

प्रिय ठिणगी,

फोनवर तू इतकी रडत होतीस की मला काही नीट सांगताच आलं नाही. आणि खरं तर सांगवतही नव्हतं.

आई दुपारी जेवणानंतर घरातून निघून गेल्या. मला कळलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मी खालचा रस्ता, बाजार, बसथांबा सगळं पालथं घातलं, दादाला बोलावलं, तो निघाला त्याच्या बाजूने. अंधार पडायच्या सुमारास हॉस्पिटलच्या पहारेकऱ्याचा फोन आला. मागच्या बाजूला, जिथे पूर्वी लाँड्री होती त्या भिंतीशी बसल्या होत्या. पायरी चुकून पडल्या असाव्यात. मनगट मोडलंय. पाय भिजलेले, ओठ निळे. मला बघून म्हणाल्या, "आज कुणी कुलूपच उघडलं नाही." कामावर निघाल्या होत्या गं त्या.

आता प्लास्टर आहे. ताप उतरलाय. बोर्ड खिशातच होता.

बेल वाजली नाही.

दादा माझ्याशी वाकडं बोलला नाही. डबी हातात घेऊन उलटीसुलटी बघतो आणि परत ठेवतो. तू मागितलेस तसे बोर्ड आणि डबी दोन्ही सोबत पाठवते आहे.

वहिनी


१४ मार्च

प्रिय दादा आणि वहिनी,

दोघांनी मिळून वाचा.

चूक सापडली आणि ती माझी आहे. अँटेनाच्या कोपऱ्यात तांबं ठेवायचं नसतं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी तिथे आईची खूण तांब्यात काढली. अँटेनाला लागून बंद कडं आलं की तिचा आवाज दबतो. प्रोग्रामने लाल खूण करून सांगितलं होतं, मी दुर्लक्ष केलं. माझ्या टेबलावर बोर्ड आणि डबी हातभर अंतरावर होते, म्हणून मला काही कळलं नाही. त्या दोषामुळे डबी गोंधळून गप्प राहिली आणि बेल वाजली नाही.

वहिनीने यात काही करण्यासारखं नव्हतं. दादा, तिला एका शब्दाने काही म्हणू नकोस. जे म्हणायचं ते मला म्हण.

आईच्या हातावरून माझ्या वतीने हात फिरवा.

ठिणगी


११ एप्रिल

प्रिय ठिणगी,

तू दादाला विचारलंस की वहिनी फोनवर का येत नाही. दादाने तुला सांगितलं असेल, दमली आहे. दमलेली नाही मी. तोंड नाही मला.

तुझं ते पत्र दादाने मोठ्याने वाचलं. मी इस्त्री करत होते. "वहिनीने यात काही करण्यासारखं नव्हतं" हे वाक्य आलं तेव्हा माझी इस्त्री कापडावर तशीच राहिली आणि एका गिऱ्हाइकाचा सदरा जळला. दादाने पत्राची घडी घातली. म्हणाला, "म्हणजे यंत्रावर भरवसा नाही. तू दिवसभर मशीनवर, मी बाहेर. आईला आता वृद्धांच्या संस्थेत ठेवलं पाहिजे. तिथे दारं बंद असतात." मी तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच थांबली असती. मी सदऱ्याकडे बघत राहिले. पुढच्या सोमवारी आईंना नेऊन सोडलं. तुला दादाने एवढंच सांगितलं असणार की तिथे सोय चांगली आहे. आहेच चांगली.

आता ऐक. डबी बंद होती. मी प्लग काढला होता.

बेल "कधी कधी" वाजते असं मी लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. ती दिवसभर वाजायची. आई खिडकीकडे तोंड करून बसल्या की वाजायची. कुशीवर झोपल्या की वाजायची. गिऱ्हाइकं यायची बंद व्हायला लागली. तुला लिहिणार होते, पण तू जेवणाच्या सुट्टीत चिमट्याने एकेक दाणा बसवला होतास आणि आईंचा अंगठा त्या गोलावरून फिरत होता. मला वाटलं, हिचं एवढं मन आहे यात, कशाला नाट लावू? मग मी दादा कामावर गेला की प्लग काढायला लागले आणि तो यायच्या आधी परत लावायला. दोन-चार वेळा तो घरात असतानाही काढला. सुरुवातीला प्लग काढला की दर थोड्या वेळाने उठून आईंना बघायची. मग ते बघणंही कमी झालं, कारण काही होत नव्हतं. त्या दिवशी एक कोट संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. दार वाजलं ते मी ऐकलं. वाटलं, गिऱ्हाईक गेलं. मान वर केली नाही.

आणि तू बिचारी तिकडे बसून स्वतःच्या बोर्डात खोट काढलीस! जीव तोडून शोधली असशील, म्हणून काहीतरी सापडलं. तुझ्या बोर्डाचा काही दोष नव्हता गं. उगाच वाजायचा एवढंच.

अजून एक आहे आणि ते तुलाच सांगू शकते. आईंची बॅग भरत होते तेव्हा मला हलकं वाटलं. स्वेटर घडी करताना मनात आलं, आता सकाळी उठून कपडे शिवायचे, बस्स. ते हलकं वाटणं मला रोज आठवतं.

परवा संस्थेत गेले. आई खुर्चीत होत्या. आधी घरात त्या दहा वेळा उठायच्या, दाराशी जायच्या, परत यायच्या, माझ्या नाकी नऊ आणायच्या. तिथे दार उघडत नाही हे त्यांना कळलं आणि त्यांनी उठायचंच सोडलं. तिथली मुलगी कौतुकाने मला सांगते, "आता काही त्रास नाही हो आजींचा, बसवलं की बसून असतात." पाय बघितले त्यांचे. सुजलेत. डॉक्टर म्हणाले, असंच बसून राहिल्या तर पावसाळ्यापर्यंत चालणं जाईल, मग परत येत नाही ते.

दादाला कसं सांगू ते तू सांग. रोज ठरवते. रोज जेवण वाढते आणि गप्प बसते.

वहिनी


१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

मला माहीत होतं.

आता तू चिडशील, पण आधी वाच. दोष खरा आहे. तांब्याचं कडं खरं आहे, अँटेनाचा आवाज दबला हेही खरं. पण आवाज दबला की डबी गप्प बसत नाही. उलट ती ओरडते. ऐकू आलं नाही की ओरडायचं, हेच तर तिला शिकवलंय. तुमची डबी आणि बोर्ड आल्यावर मी बोर्ड माझ्या स्वेटरच्या खिशात घातला आणि रविवारी घरात वावरले. भांडी घासायला पाठ फिरवली, वाजली. कपाट उघडायला वाकले, वाजली. माणसाच्या अंगातून जायची ताकदच नव्हती त्या दबलेल्या आवाजात. दुपारच्या आत मी स्वतः प्लग उपटला. आणि तो हातात धरून उभी राहिले तेव्हा मला कळलं की तुझ्या घरी काय झालं असणार. तुझी बेल वाजली नाही याचं कारण एकच असू शकतं, आणि ते कारण मी पार्सल करून पाठवलं होतं.

"डबी गोंधळून गप्प राहिली" हे मी रचलं. माझ्या धंद्यातल्या कुणीही ते एका वाक्यात खोडलं असतं. दादा खोडणार नाही, हे मला ठाऊक होतं. तुला त्याच्यापुढे उभं राहावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं. किमान तेव्हा मला तसं वाटलं. आता तुझं पत्र वाचल्यावर दुसरंही दिसतंय. एका तांब्याच्या कड्याची चूक कबूल करणं मला फार सोपं गेलं. किती मोठ्या मनाची मी! त्याच्या आड मी वर्षभर घरी न आल्याची चूक झाकून टाकली. तू "कधी कधी वाजते" लिहिलंस, आणि मी "चांगलंच आहे" लिहिलं. एक साधा प्रश्न विचारला नाही: म्हणजे किती वाजते? आमच्या काट्याबद्दल दुकानदाराने असं लिहिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले असते.

आणि माझ्या खोट्यामुळे आई त्या खुर्चीत जाऊन बसली. यंत्र बेभरवशाचं, हे दादाला मीच लिहून दिलं. तू फक्त गप्प बसलीस.

सोबत दादासाठी वेगळा कागद आहे. त्यात सगळं लिहिलंय, प्लगसुद्धा, आणि तो तुला का काढावा लागला तेही. मी त्याला फोन करून सांगू शकले असते, पण ते तुझ्या पाठीमागे झालं असतं. तू दे किंवा फाड. फाडलास तर मी परत कधी विषय काढणार नाही.

तुमची डबी परत पाठवते आहे, आणि नवा बोर्डही आहे. अँटेनाचा कोपरा मोकळा सोडलाय. खूण दुसऱ्या बाजूला पांढऱ्या शाईने छापून घेतली आहे, तांब्यात नाही. खिशात घालून पाठ फिरवून, वाकून, आडवी होऊन, सगळं करून बघितलं. उगाच वाजत नाही.

आईला परत आणता येईल का? माझ्या एका पत्राने गेली, दुसऱ्याने परत येईल का?

ठिणगी


३ मे

प्रिय ठिणगी,

कागद फाडला नाही. जेवणं झाल्यावर दादापुढे ठेवला आणि भांड्यांशी जाऊन उभी राहिले. नळ सोडायचं धाडस होईना, त्याचा आवाज ऐकू येणार नाही म्हणून. तो वाचत होता, मग परत पहिल्यापासून वाचत होता. मला वाटलं, आता उठेल आणि बोलेल, इतकी वर्षं मनात साठलेलं सगळं बोलेल. मी तयार होते.

तो म्हणाला, "प्लग काढलेला मी पाहिला होता."

मी वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. म्हणाला, "सकाळी चहा घेताना. फळीवरून वायर लोंबत होती. आधीही एकदोनदा पाहिली होती. त्या दिवशी हात वर केला लावायला. मग वाटलं, जाऊ दे, निदान आजचा चहा तरी शांतपणे होईल. आणि तसाच कामावर गेलो." त्याने डबी हातात घेऊन उलटीसुलटी का केली ते मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, माझ्यावर संशय घेतोय. त्याला वाटायचं, मी त्याला पाहिलं असेल. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांपासून तोंड लपवत होतो, आणि त्यात तुझं पत्र आलं ते देवासारखं. यंत्राचा दोष! तोही सुटला, मीही सुटले. आई तेवढ्या अडकल्या.

मग तो रडला. मी त्याला लग्नापासून कधी रडताना बघितलं नव्हतं. समजूत नाही घातली. काय घालणार, माझंच मन मला खात होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि आम्ही आईंना घरी आणलं. जिना चढताना दोघांनी दोन्हीकडून धरलं, तरी प्रत्येक पायरीला थांबावं लागलं. नवा बोर्ड हातात दिला. अंगठा फिरवला, पांढरा गोल बघितला, खिशात घातला. तेवढं अजून शिल्लक आहे.

दादाने कामाची वेळ बदलून मागितली आहे. सकाळी तो घरी असणार, मी दुपारी शिवणकाम बंद ठेवणार. डबीचा प्लग भिंतीला लावलाय आणि त्याला कुणी हात लावत नाही. तुझा बोर्ड चांगला आहे, ठिणगी. एकदाही उगाच वाजला नाही.

एकदाही वाजलाच नाही. आई खिडकीशी बसून असतात. दुपारभर मी दार सताड उघडं ठेवते. ज्या दाराची आम्हाला एवढी भीती होती, ते उघडं टाकून मी हातात शिवण न घेता बसते आणि त्या उठतील म्हणून वाट बघते. सकाळी दादाही तसाच बसतो, चहा गार होईपर्यंत. बेलकडे कान. आधी तिने जीव नकोसा केला होता, आता एकदा वाजावी म्हणून आम्ही दोघं श्वास रोखून बसतो. डॉक्टर म्हणतात, रोज चार पावलं चालवा, अजून वेळ गेलेली नाही. चालवतो. आम्ही धरलं की चालतात. आपणहून उठत नाहीत.

तुझ्या पत्रात तू सगळं लिहिलंस. अँटेना लिहिलीस, तांबं लिहिलंस, स्वतःचे दोष पानभर लिहिलेस. फक्त कधी येतेस ते लिहिलं नाहीस. मी ते पत्र दोनदा उलटून बघितलं, मागच्या बाजूला असेल म्हणून. पार्सल आता नको गं. चौथा बोर्ड नको.

काल दुपारी आईंनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. चपला. मी पायात घालून दिल्या. त्या दाराकडे बघत राहिल्या, पाय जमिनीवर टेकवून, बराच वेळ. उठल्या नाहीत. पण चपला काढू दिल्या नाहीत, झोपतानाही नाही. तू लवकर ये. त्या उठल्या तर त्यांच्याबरोबर चालायला घरात माणूस हवं, आणि मी मान वर करेनच, असं आता मला स्वतःबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुझी,
वहिनी